विकन फेनमधली उचकी

मला कुजबुजता येत नाही. जन्मभर शाळेत भूगोल शिकवल्यामुळे माझा आवाज शेवटच्या बाकाच्या हिशेबाने बेतलेला आहे. सिनेमा चालू असताना मी हिच्या कानाशी लागून "खुनी हाच" म्हणालो की बाल्कनीतली माणसं तिकिटाचे पैसे परत मागतात. अशा माणसाला पहाटे पक्षी दाखवायला नेण्याचा निर्णय जावयाचा होता, हे आधीच नोंदवून ठेवतो.

जावई केंब्रिजला नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात पक्षी बघतो. मुलगी म्हणते, उलटं आहे. जून महिन्यात तिथे पहाटे चारलाच फटफटतं, आणि नेमक्या त्या वेळी तो आमच्या खोलीच्या दारावर टकटक करून म्हणाला, "बाबा, चला, बिटर्न ऐकायला जायचंय."

"ऐकायला? बघायला नाही?"

"दिसत नाही हो तो सहसा."

जो दिसत नाही त्याच्यासाठी चारला उठायचं, हे आपल्याकडे फक्त देवाच्या बाबतीत करतात. पण जावयापुढे बोलायचं कसं? निघालो. हिने रात्रीच धपाटे करून ठेवले होते, ते गाडीत ठेचा लावून खाल्ले. पुढच्या प्रकरणाचं मूळ त्या ठेच्यात आहे, असं जावयाचं मत. हिचं मत वेगळं आहे, ते पुढे येईल.

विकन फेन केंब्रिजपासून मोटारीने अर्ध्या तासावर. फेन म्हणजे गोड्या पाण्याची दलदल. इंग्लंडच्या पूर्वेला अशी दलदल मैलोन् मैल पसरलेली होती. आता तिचा एक टक्काही उरलेला नाही. सतराव्या शतकात व्हरमाउडन नावाचा डच इंजिनिअर आला, त्याने कालवे खणले, पाणी समुद्राकडे काढून दिलं आणि जमीनदारांना काळीभोर जमीन मिळाली. इथे माझ्यातला भूगोलाचा मास्तर जागा झाला. कारण ती जमीन म्हणजे माती नव्हेच. हजारो वर्षं पाण्याखाली पुरता न कुजता साचलेला पालापाचोळा, म्हणजे पीट. पाणी काढलं की पीट आक्रसतं, हवा लागली की कुजून हवेतच विरून जातं. शेतं खचू लागली. शेतं खचली की पाणी पुन्हा शेतात, म्हणून पवनचक्क्या. आणखी खचली, म्हणून वाफेचे पंप. याच दलदलीच्या प्रदेशात होम फेन नावाच्या जागी 1851 च्या सुमारास एक लोखंडी खांब जमिनीच्या पातळीपर्यंत गाडला होता. आज तो चार मीटर बाहेर आहे. खांब जागचा हललेला नाही, जमीन खाली गेली आहे.

हे सगळं मी गाडीत सांगत होतो. गाडीत तीन माणसं होती आणि ऐकत एकही नव्हतं.

इकडे आमच्या सोसायटीचंही तेच. तिच्याखाली पूर्वी ओढा होता. दर पावसाळ्यात तळघरात पाणी येतं, दर पावसाळ्यात सभा होते आणि दर सभेत आणखी मोठा पंप घ्यायचा ठराव पास होतो. ओढ्याचा 'ओ' कोणी काढत नाही. व्हरमाउडनसाहेब आमचे मानद अध्यक्ष शोभले असते.

विकनचा तुकडा मात्र वाचला. नॅशनल ट्रस्ट या संस्थेने 1899 मध्ये इथली दोन एकर दलदल दहा पौंडांना विकत घेतली, पुढे त्यात भर पडत गेली. आजूबाजूची शेतं खाली आणि दलदल वर, अशी आता अवस्था आहे. म्हणून इथला जुना लाकडी पवनपंप, जो पूर्वी पाणी बाहेर फेकायचा, तो आता पाणी आत भरतो. मी त्याच्यासमोर जरा उभा राहणार होतो, पण जावई "बाबा, वेळ जातोय" म्हणत पुढे. वाटेत मूळच्या पोलंडच्या कोनिक जातीची घोडी, चतुर, टाचण्या, पाण्यावर धुकं. छान होतं. झालं.

आम्ही हाइडमध्ये शिरलो. हाइड म्हणजे पाण्याकडे तोंड करून उभी केलेली लाकडी खोली. भिंतीला आडव्या फटी, फटींसमोर बाक. आत सात-आठ माणसं मातकट हिरव्या कपड्यांत, मांडीवर थर्मास घेऊन गप्प बसलेली. मला वाटलं कोणीतरी गेलंय. मी जावयाला विचारलं, "काय झालं?" सात-आठ दुर्बिणी माझ्याकडे वळल्या.

"बाबा, शूऽऽ."

बसलो. समोर बोरूचं रान, त्यावर एक भोवत्या संथ घिरट्या घालतोय, कडेला राखी बगळा. आणि मला उचकी लागली.

पहिली उचकी लोकांनी पोटात घातली. दुसरीला बगळा उडाला. तिसरीला जावयाने डोळे मिटले. माझी उचकी माझ्या आवाजाच्याच घराण्यातली आहे. त्यात ती खोली लाकडी, पेटीसारखी घुमणारी.

हिने माझ्या मांडीवर हात ठेवला. "कोणीतरी आठवण काढतंय," ती म्हणाली, आणि नावं घ्यायला लागली. बरोबर नाव आलं की उचकी थांबते, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. "पेणच्या वन्सं?" हिक्. "नाशिकचे भाऊजी?" हिक्. "आपला बंडू?" हिक्. "सोसायटीचे सेक्रेटरी?" हिक्. त्यांनी मेंटेनन्ससाठी आठवण काढणं अगदी शक्य होतं, पण नाही. हिला कुजबुजता येतं, हा त्यातल्या त्यात दिलासा. पण शेजारचा गोरा म्हातारा कुतूहलाने वाकून ऐकत होता. ही दलदलीतल्या पक्ष्यांची मराठी नावं असावीत असा त्याचा समज झाला असला तर माझी हरकत नाही.

जावयाने विषय बदलायचा म्हणून हळूच माहिती दिली. बिटर्न हा बगळ्याच्या कुळातला, बोरूच्याच रंगाचा. धोका वाटला की चोच आभाळाकडे करून उभा राहतो आणि बोरूत मिसळून जातो. दिसत नाही म्हणून त्याची मोजदाद आवाजावरून करतात. नराचा घुमारा पाच किलोमीटरवर जातो. 1997 मध्ये अख्ख्या ब्रिटनमध्ये असे घुमणारे नर फक्त 11 उरले होते. मग बोरूची रानं राखली, नवी तयार केली. आता दोनशेच्या वर आहेत.

"म्हणजे आत्ता कोणी मोजत असेल तर..." मी म्हणालो. हिक्.

"एक वाढला," जावई म्हणाला. पहाटेपासून तो प्रथमच हसला.

नात्यातली माणसं संपली. मग ही थोडी थांबली आणि अगदी हळू म्हणाली, "अण्णा?"

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. गेल्या दिवाळीत गेले. लहानपणी मला उचकी लागली की पाठीमागून येऊन "भ्वॉ" करायचे. उचकी थांबायची आणि रडं सुरू व्हायचं. मी फटीतून बाहेर बघत राहिलो. उचकी थांबली नाही. पण हिने त्यानंतर एकही नाव घेतलं नाही.

शेवटी शेजारचा म्हातारा उठला. त्याने थर्मासच्या झाकणात पाणी ओतून माझ्यापुढे धरलं आणि खुणेने दाखवलं, पेल्याची पलीकडची कड ओठाला लावून प्यायचं. हा इंग्रजांचा पिढीजात उपाय आहे म्हणे. त्यासाठी कमरेत वाकून, मान खाली घालून, पेला उलट्या बाजूने कलता करावा लागतो. निम्मं पाणी माझ्या नाकात गेलं, निम्मं जावयाच्या दुर्बिणीवर. सगळं हाइड श्वास रोखून बघत होतं. पक्ष्यांकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

थांबली.

आणि त्या शांततेत तो आवाज आला. रिकाम्या बुधल्याच्या तोंडावर कोणी जोरात फुंकर मारावी तसा, खोल, लांबून तरी छातीत लागणारा. एकदा, दोनदा, तीनदा.

अख्खं हाइड माझ्याकडे वळलं.

"छे छे," म्हातारा गंभीरपणे म्हणाला, "हा यांचा नव्हे."

मग जे हसले ते लोक! ज्या खोलीत खोकायची चोरी होती तिथे डबे उघडले गेले. म्हाताऱ्याने धपाटा खाल्ला, ठेचा खाल्ला आणि त्यालाच उचकी लागली. हिने लगेच त्याच्या नातेवाइकांची चौकशी सुरू केली.

परतताना कालव्याकाठी जावयाने एक गोष्ट दाखवली. बोरूच्या काठीवर कोकिळेच्या कुळातल्या कुक्कूचं पिल्लू बसलं होतं, सशक्त, तोंड वासून. बोरू वटवट्या नावाचा बारा-एक ग्रॅमचा पक्षी त्याच्या पाठीवर उभा राहून त्याच्या लालभडक घशात किडा कोंबत होता. चोच आत गेली की त्याचं डोकंही आत जायचं. या पिल्लाने जन्मल्या जन्मल्या वटवट्याची सगळी अंडी पाठीने ढकलून घरट्याबाहेर टाकलेली असतात. निक डेव्हिस या केंब्रिजच्या शास्त्रज्ञाने याच दलदलीत वर्षानुवर्षं हा प्रकार अभ्यासला. कुक्कूची मादी दहा-एक सेकंदांत दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालून मोकळी होते, असं त्याने नोंदवलं आहे. मला त्या पिल्लाचा संताप आला. ही म्हणाली, "भूक लागलीय हो त्याला," आणि बराच वेळ तिथून हलेना.

कोणाला जायचं असेल तर मे-जूनमध्ये जा, आणि पहाटेच जा. उन्हं वर आली की बिटर्न सहसा गप्प होतो. पाण्याची बाटली न्या. ठेचा परतीच्या वाटेवर खा.