आम्ही मोनिषाच्या पार्टीचे

2004 सालच्या नोव्हेंबरात ‘स्टार वन’ नावाची नवी वाहिनी आली आणि तिच्यावर ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ ही मालिका सुरू झाली. तेव्हा आमच्या डोंबिवलीच्या घरात टीव्ही एकच होता आणि रिमोटवर सासूबाईंची वहिवाट होती. त्यांच्या ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मधल्या बायका झोपतानासुद्धा दागिने उतरवत नसत, आणि कुणी नुसती मान वळवली तरी ढग गडगडत. कफ परेडच्या माया साराभाई मात्र आवाज न चढवता, ओठांवरचं हसू न ढळू देता सुनेचा पंचनामा करायच्या. मला त्यांचीच जास्त धास्ती वाटे.

एका रात्री लोडशेडिंग संपून वीज आली तोवर सासूबाईंची मालिका आटोपली होती, म्हणून नाइलाजाने त्या माझ्या शेजारी बसल्या. पडद्यावर मायाबाईंची दिल्लीकडची पंजाबी सून मोनिषा ‘एकावर एक फ्री’च्या आनंदात होती आणि मायाबाईंना भोवळ यायची बाकी होती. सासूबाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “यात त्या पोरीचं चुकलं काय गं?” शाम्पूची बाटली संपली की ती उलटी टेकवायची, दोन दिवसांनी तिच्यात पाणी घालून खळबळवायचं आणि मग तिसऱ्या दिवशीही केस धुवायचे, अशी आमच्या घरची रीत. मायाबाईंच्या कायद्यात आम्ही दोघीही फाशीच्या कैदी होतो. एरवी चहात साखर किती यावरही ज्यांचं पटत नसे, त्या सासू-सुनेची अशी युती झाली.

मायाबाईंचं सुनेला ‘मिडल क्लास’ म्हणणं ऐकण्यापेक्षा बघण्यासारखं. रत्ना पाठक शाह आधी नुसती भुवई उचलतात. मग मेलेली पाल उचलावी तशी मोनिषाची एखादी वस्तू चिमटीत धरतात आणि ‘बेटा’ म्हणून इतक्या मायेने सुरुवात करतात की आपला अपमान झालाय हे मोनिषाच्या ध्यानात यायला वेळ लागतो. यांचीच सख्खी बहीण सुप्रिया पाठक, त्याच निर्मात्यांच्या ‘खिचडी’तली हंसा. दीना पाठकांच्या एका लेकीने अक्कल गहाण टाकून आणि दुसरीने अक्कल पाजळून देशाला हसवलं. मायाबाईंच्या धाकट्या लेकाच्या, रोसेशच्या कवितांबद्दल न बोललेलं बरं. राजेश कुमार तो नाकातला आवाज लावायचा तेव्हा कवितेपेक्षा ती ऐकणाऱ्या आईचा अभिमान जास्त हसवायचा. दिग्दर्शक देवेन भोजानी स्वतः दुष्यंत होऊन यायचे. घरातलं एखादं यंत्र बिघडल्याचं कानावर पडलं की हा जावई त्याच्या पोटात काय काय असतं ते सांगत सुटे. असा एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतो. आमचा पाण्याच्या पंपावर बोलतो. आणि या सगळ्यांच्या मध्ये चेहरा सरळ ठेवून उभा राहायचा मोनिषाचा नवरा झालेला आपला सुमीत राघवन. माझ्या मते सगळ्यात अवघड काम त्याचं.

सत्तरच्या आसपास भाग झाले आणि 2006 साली मालिका संपली. टीआरपीच्या शर्यतीत ती कधी नव्हतीच. पुढे 2011 साली वाहिनीच बंद पडली, मालिका मात्र लोकांच्या मोबाइलवर नांदत राहिली. भांडी घासताना, लोकलमध्ये, तापात पडून असताना आम्ही तेच भाग पुन्हा पुन्हा बघितले. संवाद आधी आम्ही म्हणायचो, मग पात्रं म्हणायची.

म्हणून 2017 च्या मे महिन्यात हॉटस्टारवर ‘टेक 2’ आलं तेव्हा मी ऑफिसात चक्क डोकेदुखीची रजा टाकली. मंडळी तीच, लेखक आतिश कपाडियाही तेच. रोसेशच्या आयुष्यात जॅस्मिन आली होती. मी हसले, नाही असं नाही. पण पात्रांनाही आता आपण प्रसिद्ध असल्याचं कळलेलं दिसत होतं. पूर्वी ‘मिडल क्लास’ मायाबाईंच्या तोंडून निसटायचं; आता ते रांगेत नंबर लावून यायचं, टाळ्यांसाठी थांबायचं.

पण खापर लेखकावर फोडणं सोपं आहे. मायाबाईंची तलवार तीच होती, समोरचा शत्रूच फितूर झाला होता. आमच्याकडे बघा. सासूबाई श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात मेतकूट ठेवत, ते मोनिषापण. माझी लेक कॉफीच्या बाटल्यांत मूगडाळ भरून त्यांचे फोटो काढते, ती ‘सस्टेनेबल’ जीवनशैली. जुन्या साडीची पिशवी आता प्रदर्शनात मिळते, आणि चिंध्यांच्या गोधडीची किंमत ऐकून मला खुर्ची लागते. कफ परेडने डोंबिवलीची काटकसर उचलली आणि डोंबिवलीने कफ परेडची नाकं. सुनेला टोचायचं कशावरून?

2025 च्या ऑक्टोबरात सतीश शाह गेले. ‘ये जो है जिंदगी’त दर भागाला नवा माणूस होऊन येणारे, ‘जाने भी दो यारो’त प्रेत होऊनही भाव खाऊन जाणारे, मराठीत ‘गंमत जंमत’ करणारे शाह. मायाबाईंचा नवरा झालेल्या त्यांच्या इंद्रवदनशिवाय साराभाईंचं घर चालणार नाही, कारण बायकोचा टोमणा आणि सुनेचं उत्तर यांच्यामध्ये काडी टाकून मजा बघायला कुणीतरी लागतं. तेव्हा तिसरा सीझन नकोच, असं माझं ठाम मत आहे.

फक्त एक भाग मला हवाय. दक्षिण मुंबईतलं एक महागडं दुकान. मायाबाई श्रीखंडाचा एक डबा न्याहाळतायत, ‘व्हिंटेज’ अशी चिठ्ठी लावलेला, किंमत साडेतीन हजार. भुवई वर, पण या वेळी कौतुकाने. त्या कार्ड काढणार एवढ्यात मागून मोनिषा येते, डबा उलटा करून बुडावरची पुसट झालेली तारीख वाचते आणि दुकानदाराला विचारते, यात श्रीखंड भरून द्याल का?