भावनांचे वर्गव्यवस्थापन : हाताची घडी, तोंडावर बोट

भावना ही तीन ते सहा वर्षांच्या मुलांत आढळणारी आणि वेळापत्रकात न बसणारी घडामोड आहे. ती सकाळी शाळेच्या फाटकाशी सुरू होते, प्रार्थनेला जोर धरते, टिफिननंतर थोडी ओसरते आणि सुटीची घंटा होताच, म्हणजे शाळेला तिचा काही उपयोग उरलेला नसताना, आनंदाचे रूप घेते. मुलांना स्वतःच्या भावना ओळखता याव्यात आणि नीट सांगता याव्यात, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेला पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा तेच सविस्तर म्हणतो. प्रस्तुत मार्गदर्शन इंदूरच्या बालवर्गांसाठी आहे. एका खोलीत पुष्कळ मुले आणि एकच मॅम अशी व्यवस्था जिथे असेल, तिथे ते थोड्या फरकाने लागू पडते.

इंदूरला या कामी दोन सोयी आधीपासून आहेत. मध्य प्रदेश सरकारने २०१६ मध्ये आनंद विभाग स्थापन केला. असा विभाग काढणारे ते देशातले पहिले राज्य. त्याच्या राज्य आनंद संस्थानातर्फे ‘अल्पविराम’ नावाचा कार्यक्रम चालतो, त्यात माणसाने घटकाभर थांबून स्वतःच्या आत डोकवावे अशी अपेक्षा असते. आनंदाची प्रशासकीय व्यवस्था अशी लागली आहे. राग, भीती आणि रुसवा यांना मात्र अजून खाते मिळालेले नाही, त्यामुळे त्यांचा सगळा भार बालवर्गावर पडतो.

दुसरी सोय वर्गीकरणाची. स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरने २०१७ पासून ओळीने पहिला क्रमांक मिळवला, तो घरोघरी कचरा वेगळा करण्याच्या जोरावर. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, इलेक्ट्रॉनिक आणि घातक असे सहा प्रकार या शहराला पाठ आहेत, आणि केळीचे साल कुठे व चिप्सचे पाकीट कुठे टाकायचे हे इथले चार वर्षांचे मूलही सांगते. भावनांचेही उगमापाशीच असे वर्गीकरण व्हावे, हा या पद्धतीचा पाया. अडचण एवढीच की काही भावना आतून ओल्या असून वरून सुक्या दिसतात. रुसव्याचे सगळे प्रकार यात मोडतात. देवगुराडियाच्या प्रकल्पात दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू करण्याची क्षमता आहे आणि त्या वायूवर शहरातल्या बस धावतात. बालवर्गातल्या रडण्याचे काय करता येईल, याचे संशोधन व्हायचे आहे.

साहित्यात सर्वांत आधी चेहऱ्यांचा तक्ता घ्यावा. खजूरी बाजारात तो तयार मिळतो. त्यावर चार पिवळे गोल चेहरे असतात: आनंदी, दुःखी, रागावलेला आणि घाबरलेला. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ स्थायी, तेहतीस व्यभिचारी आणि आठ सात्त्विक असे एकूण ४९ भाव मोजले होते, पण त्यांना ते लॅमिनेट करायचे नव्हते. अमेरिकेच्या पॉल एकमन यांनी चेहऱ्यावरून कुठेही ओळखू येणाऱ्या मूळ भावना सहा धरल्या. त्यांतली किळस टिफिनमधल्या कारल्यापुरती लागते आणि आश्चर्य गॅदरिंगपुरते, म्हणून त्या दोन्ही तक्त्यातून वगळल्या जातात. भरतांच्या यादीत निद्रा आणि श्रम हेही भाव आहेत, ही गोष्ट तक्ता छापणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेली दिसते. तीन वर्षांच्या मुलाच्या रडण्याचा माग काढला तर तो पुष्कळदा तिथेच जाऊन पोहोचतो: झोप अपुरी आहे, पोट रिकामे आहे, नाहीतर शू लागली आहे. शू लागल्याचा चेहरा तक्त्यावर नसल्याने असे मूल दुःखी चेहऱ्यावर बोट ठेवते आणि मग घरी काही बिनसले आहे का, याची हळुवारपणे चौकशी सुरू होते. चौकशी पूर्ण होईपर्यंत उत्तर फरशीवर आलेले असते. आराखड्याने पंचकोशांची कल्पना स्वीकारली आहे आणि त्यांत अन्नमय कोश पहिला आहे. वेळापत्रकात टिफिन तिसऱ्या तासानंतर आहे.

फाटकावरचे रडणे हा पहिला धडा. आईला सोडताना मूल रडते याचा अर्थ त्याचे आईशी नाते घट्ट आहे, असे जॉन बोल्बी यांच्यापासून बालमानसशास्त्र सांगत आले आहे. फाटकावर मात्र त्याचा अर्थ मागे रिक्षांची रांग लागली आहे, एवढाच होतो. अशा वेळी मुलाला ‘आई गाडी लावून आलीच हं’ असे सांगून आत घ्यावे. आईने तेवढ्यात निघून जावे. ‘मी जाते, शाळा सुटली की घ्यायला येते’ असे सरळ सांगून आई गेली तर मूल थोडा वेळ मोकळेपणी रडते आणि मग ठोकळ्यांकडे वळते, पण यात प्रवेशद्वार अडून राहते. न सांगता गेली तर ते दुसऱ्या दिवशी फाटकाची वाट न बघता घरून निघतानाच सुरुवात करते आणि शाळेचा वेळ वाचतो.

आत आल्यावर सर्कल टाइम. मुलांना गोलात बसवावे, एकेकाला ‘आज कसं वाटतंय?’ असे विचारावे आणि मोकळेपणाने बोलू द्यावे. त्याआधी अर्थातच ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आज्ञा द्यावी, कारण मुले आधीच मोकळेपणाने बोलत असतात. शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक सांगतो. बालवर्गाला तेच प्रमाण लाभले असे मानले आणि तास ३५ मिनिटांचा धरला, तर प्रत्येक भावनेच्या वाट्याला ७० सेकंद येतात. पहिले मूल ‘हॅपी’ म्हणते. त्याला ‘व्हेरी गुड’ मिळते. उरलेली २९ मुले ते ऐकतात आणि तीही हॅपी होतात. एखादे ‘माझा आजोबा मेला’ असे सांगते, तेव्हा शिक्षिकेने गाणे सुरू करावे.

भाषेची बाब इंदूरमध्ये थोडी गुंतागुंतीची आहे. रामबाग किंवा लोकमान्यनगरातल्या घरातून आलेल्या मुलाला राग मराठीत येतो, भांडण तो हिंदीत करतो आणि त्याची विचारपूस इंग्रजीत होते. घरी आजी ‘का रे फुगलायस?’ म्हणते तेव्हा तो आणखी फुगतो, म्हणजे संवाद सुरू होतो. घसरगुंडीपाशी मित्र ‘क्या हुआ, भिया?’ विचारतात, तेव्हा तो सगळे सांगून टाकतो. वर्गात ‘व्हाय आर यू सॅड?’ याला तो ‘येस, मॅम’ असे उत्तर देतो, आणि निरीक्षणवहीत मुलाने भावना इंग्रजीतून व्यक्त केली अशी नोंद होते.

भावनेला नाव दिले की मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी होते, असे मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मोठ्या माणसांवरच्या प्रयोगातून दाखवले. शाळांनी यातला नाव देण्याचा भाग घेतला आहे. नाव कोणी द्यायचे, याबद्दल वाद नाही: ते मॅमने द्यावे. ठोकळ्यांचा मनोरा पडल्यावर मूल ओरडले तर ‘अँग्री’ म्हणावे. वाकून, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन, ‘एवढा उंच केलास आणि पडला, म्हणून चिडलास का?’ असे विचारून उत्तराची वाट बघण्याची आणखी एक रीत आहे. तिने मूल लवकर शांत होते, पुढच्या खेपेला स्वतःच सांगू लागते आणि कधी कधी ‘चिडलो नाही, मला अजून उंच करायचा होता’ अशी दुरुस्तीही करते. पण तिला ७० सेकंद पुरत नाहीत, शिवाय गुडघे दुखतात, म्हणून या मार्गदर्शनात तिची शिफारस केलेली नाही.

मूल पडले तर त्याला ताबडतोब मुंगी मेल्याची बातमी द्यावी. ‘अरे, मुंगी मेली!’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे आणि त्याचा परिणाम अचूक होतो: खरचटलेला गुडघा विसरून मूल खाली वाकून मुंगी शोधू लागते. दुखण्याच्या जागी हत्येचा ठपका येतो, पण रडणे थांबते, आणि उद्देश तोच होता. मुंगीने भागले नाही तर फरशीला दोन चापट्या माराव्यात. जी वस्तू लागली तिला बदडायचे असते, हा धडा मूल लगेच उचलते आणि मधल्या सुटीत शेजारच्या मुलावर त्याचा सराव करते.

त्यामुळे माफीचे प्रकरण थोडे विस्ताराने देणे भाग आहे. समजा, एका मुलाने दुसऱ्याच्या टिफिनमधल्या पोह्यांवरची शेव खाल्ली. शेवेशिवाय पोहे हा इंदूरमध्ये साधा अन्याय नाही. शेव गेलेल्या मुलाने ढकलले, शेव खाणाऱ्याने चावा घेतला. शिक्षिकेने दोघांना समोर उभे करावे आणि ‘से सॉरी’ असे फर्मान सोडावे. आधी कोणी सॉरी म्हणायचे यावर नवे भांडण होते. त्यासाठी पुन्हा सॉरी घ्यावी. सॉरी खालच्या मानेने आली तर ‘नीट बघून म्हण’, हळू आली तर ‘जोरात म्हण’ असे सांगावे. तिसऱ्या खेपेला ती मनापासून आली असे समजावे. मग शेकहँड, मग मिठी, मग ‘वी आर फ्रेंड्स’. ज्याची शेव गेली त्याला शेव परत मिळत नाही, चावा कुठे लागला हे कोणी पाहत नाही, आणि ढकलण्याआधी त्याला काय वाटले असेल हा प्रश्न, जो खरे तर या तासाचा विषय होता, कोणी विचारत नाही. मात्र दोन्ही मुलांना एक गोष्ट कायमची कळते: सॉरी म्हटल्यावर वर्गात शांतता होते. काही हुशार मुले मग आधी सॉरी म्हणतात आणि नंतर शेव खातात.

मुलांची स्वतःची व्यवस्था याहून जुनी आहे. तिला कट्टी म्हणतात. बोटांची एक खूण झाली की कट्टी लागते, दुसरी झाली की बट्टी होते. साक्षीदार लागत नाहीत, मिठीची सक्ती नसते आणि बहुतेक प्रकरणे टिफिन संपायच्या आत निकाली निघतात. शाळेने तिला मान्यता दिलेली नाही, कारण तिची नोंद ठेवता येत नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी केली, त्यामुळे मुलाला कोपऱ्यात उभे करणे थांबले. आता त्याच कोपऱ्यात एक उशी ठेवली जाते आणि त्याला शांत कोपरा म्हणतात. शांत कोपऱ्यात जाणे ऐच्छिक असते. कोणी जायचे ते मॅम ठरवतात.

वाटते एक आणि दाखवायचे दुसरे, हे कौशल्य मात्र वर्गात न शिकवता येते. कॅरोलिन सार्नी यांनी १९८४ मध्ये काही मुलांना कामाच्या मोबदल्यात मुद्दाम न आवडणारी, तान्ह्या बाळाची खेळणी दिली आणि त्यांचे चेहरे न्याहाळले. वयाने मोठी मुले, त्यातही मुली, हसून गोड बोलत होती. लहानांची निराशा लपत नव्हती. भरतांच्या ४९ मध्ये यालाही जागा आहे. अवहित्थ म्हणजे मनातले तोंडावर उमटू न देणे. इंदूरमध्ये हा प्रयोग दर वाढदिवसाला होतो. रिटर्न गिफ्टमध्ये तिसऱ्यांदा शार्पनर मिळालेले मूल ‘थँक्यू, आंटी’ म्हणते, तेव्हा त्याचा या विषयातला अभ्यास पूर्ण झाला असे खुशाल समजावे. मुलग्यांसाठी ‘पोरींसारखा रडू नकोस’ हा जोडअभ्यासक्रम घरी घेतला जातो. मोठ्या माणसांसाठी पुढे रंगपंचमीच्या गेरची सोय आहेच. राजवाड्यासमोर टँकरमधून रंग उडत असताना बेंबीच्या देठापासून ओरडणाऱ्याला तक्ता दाखवून कोणी काही विचारत नाही.

शिक्षिकेच्या स्वतःच्या भावनांसाठी आराखड्यात फारशी जागा नाही आणि वर्गात तर मुळीच नाही. सरकारी शाळेत मतदारयादीचे काम, अंगणवाडीत मुलांचे वजन घेऊन पोषण ट्रॅकर अॅप भरण्याचे काम, खासगी शाळेत सुटीच्या दिवशी प्रवेशाची पत्रके वाटण्याचे काम, हे सगळे उरकून तिने हसऱ्या चेहऱ्याने तक्त्याशेजारी उभे राहावे. एखादे मूल ‘मॅम, तुम्हाला कसं वाटतंय?’ असे विचारते. त्यालाही शांत कोपरा दाखवावा.

काही जाणकार इथे भावनगरचे नाव काढतात. गिजुभाई बधेका यांनी तिथे १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले, ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि नंतर बोर्डी व कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांत हे काम नेले. गिजुभाईंना मार नको होता आणि बक्षीसही नको होते. कोसबाडला तर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेण्यात आली. या सगळ्यात मोठ्या माणसाने मुलाच्या मागे मागे जायचे असते. आजच्या शाळेत मुले ओळीने मॅमच्या मागे जातात, त्यामुळे ही पद्धत अंमलात आणण्यापूर्वी ओळीचे तोंड फिरवावे लागेल.

मूल्यमापन हा शेवटचा टप्पा. या वयात परीक्षा नको, निरीक्षण आणि नोंदी हव्यात, असे आराखड्यात आहे; म्हणून परीक्षा न घेता श्रेणी द्यावी. ‘सामाजिक-भावनिक विकास : बी प्लस’ एवढे लिहिले की पुरते. पीटीएममध्ये पालक ए का नाही असे विचारतात, तेव्हा मूल अधूनमधून रडते असे सांगावे. घरी गेल्यावर पालक मुलाला रागावतात, मूल रडते, आणि श्रेणी बरोबर होती हे सिद्ध होते. पायाभूत स्तर कागदोपत्री दुसरीपर्यंत चालतो, परंतु पहिलीला वह्या-पुस्तके येतात आणि तक्त्याच्या खिळ्यावर पाढ्यांचा तक्ता लागतो. कोणाच्या भावना राहून गेल्या असतील तर त्या उन्हाळ्याच्या सुटीत पूर्ण करून आणाव्यात, अशी सूचना पालकांच्या ग्रुपवर टाकावी.