अंगठेबहाद्दरांची सुरक्षितता

ज्याला सही करता येत नाही आणि जो कागदावर शाईचा अंगठा उमटवून मोकळा होतो, अशा माणसाला मराठीत पूर्वापार ‘अंगठेबहाद्दर’ म्हणतात. साक्षरता वाढली तरी हा शब्द निकामी झालेला नाही, कारण हातात मावणाऱ्या खेळयंत्रावर, म्हणजे पडदा, कळा आणि बॅटरी एकाच डबीत सामावलेल्या उपकरणावर, दोन्ही अंगठ्यांनी अहोरात्र पराक्रम गाजवणाऱ्या नव्या वर्गाला तो दोन्ही अर्थांनी लागू पडतो. या वर्गाला अक्षरओळख असते, पण यंत्रासोबत आलेले सुरक्षिततेचे सूचनापत्रक त्यातील कोणी वाचल्याचे उदाहरण विरळाच. मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत छापलेल्या त्या पत्रकाचा मुक्काम टीव्हीखालच्या खणात, मिक्सरच्या मुदत संपलेल्या वॉरंटी कार्डाशेजारी असतो.

निन्टेंडो या जपानी कंपनीने 1980 साली ‘गेम अँड वॉच’ आणि 1989 साली ‘गेम बॉय’ ही यंत्रे आणली तेव्हा ती सुट्या सेलवर चालत, आणि नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात घरोघरी पोहोचलेला विटा रचण्याचा ‘व्हिडिओ गेम’ही पेन्सिल सेलवरच चाले, सेल मलूल झाले की ते खिडकीत उन्हाला ठेवायचे किंवा दातांनी चावायचे, हा त्या काळचा सर्वमान्य उपचार होता. आजच्या लिथियम-आयन बॅटरीचे, म्हणजे पुन्हापुन्हा चार्ज होणाऱ्या घटाचे, उन्हाशी हाडवैर आहे आणि दातांशी तर त्याहून अधिक. निन्टेंडोच्या 2017 सालच्या ‘स्विच’ या यंत्रासाठी कंपनीने 5 ते 35 अंश सेल्सिअस ही तापमानाची मर्यादा सांगितली असल्यामुळे, मे महिन्यात जेथे पारा 45 अंशांशी लगट करतो त्या चंद्रपूर-अकोल्याकडे दुपारी ओसरीत बसून खेळणे हेच मुळी नियमबाह्य ठरते. चार्जिंगला लावलेले यंत्र उशीखाली किंवा गोधडीत ठेवल्यास उष्णता आतच कोंडते आणि बॅटरीला अपाय होतो. पुरी फुगणे हे सुगरणीचे लक्षण असले तरी बॅटरी फुगणे हे अवलक्षण समजावे. तिला टाचणी टोचून पाहू नये, कारण ती पेट घेऊ शकते, तर यंत्राचा वापर व चार्जिंग तत्काळ थांबवून ते जाणकाराकडे सोपवावे.

यंत्रानंतर अंगठ्याचा विचार करणे प्राप्त आहे. मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस ज्या आवरणातून स्नायुबंध सरकतात ते आवरण जाड होऊन दुखू लागते, या विकाराचे वर्णन फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन या स्विस शल्यविशारदाने 1895 साली केले. खेळयंत्राच्या कळा दाबून दाबून उद्भवणाऱ्या अंगठ्याच्या दुखण्याला तर 1990 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकातील एका पत्रात ‘निन्टेंडिनायटिस’ असे स्वतंत्र नावच मिळाले. विश्रांती हा त्यावरील पहिला उपाय होय. मात्र घरगुती निरीक्षणानुसार हे दुखणे खेळताना कधीच जाणवत नाही, लसूण सोलायला बसवले की तत्क्षणी जाणवते, आणि त्यामुळे आईवर्गाचा या विकारावर विश्वास बसत नाही.

डोळ्यांसाठी नेत्रतज्ज्ञ 20-20-20 हा नियम सांगतात, म्हणजे दर 20 मिनिटांनी 20 फूट दूरच्या वस्तूकडे 20 सेकंद पाहावे; पडद्याकडे टक लावताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात, म्हणून हा विसावा आवश्यक असतो. परंतु दहा बाय बाराच्या खोलीत 20 फुटांचे अंतर शिल्लकच नसल्याने दृष्टी सज्जातून थेट समोरच्या चाळीत जाते, आणि तेथे 20 सेकंद टक लावून पाहण्याने जे धोके संभवतात त्यांचा उल्लेख कोणत्याही सूचनापत्रकात आढळत नाही.

दर तासाला 10 ते 15 मिनिटे विश्रांती घ्यावी, असा निर्मात्यांचा सल्ला असतो. पण अंगठेबहाद्दरांच्या जगात तास हे कालमापन प्रचलित नसून ‘एवढी लेव्हल होऊ दे’ हे आहे, आणि लेव्हल, म्हणजे खेळातील एक टप्पा, ही पानावरची आमटी निवेपर्यंत वाढत जाणारी राशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 पासून लागू झालेल्या आपल्या रोगवर्गीकरणात खेळावरचा ताबा सुटण्याला विकाराचे स्थान दिले असून, निदानासाठी सर्वसाधारणपणे किमान 12 महिन्यांची लक्षणे पाहावीत असे म्हटले आहे; घरातील आजी हेच निदान पहिल्या पंधरा मिनिटांत, चष्मा न लावता करते, हा पद्धतीतील भेद होय.

सूचना कोणी वाचत नाही, हे निर्मात्यांनाही बहुधा ठाऊक असावे. ‘स्विच’ची नखाहून थोडी मोठी खेळपट्टी, म्हणजे खेळ साठवलेले कार्ड, लहान मुलाने गिळू नये म्हणून तिच्यावर डेनाटोनियम बेंझोएट या अत्यंत कडू रसायनाचा लेप दिलेला असतो, म्हणजे तेथे इशारा डोळ्यांऐवजी थेट जिभेला दिला जातो. या युक्तीचे महाराष्ट्रातील आज्यांना मुळीच नवल वाटणार नाही, कारण अंगठा चोखणाऱ्या नातवाच्या अंगठ्याला कडुनिंबाचा पाला चोळण्याचे तंत्र त्यांच्याकडे कंपनीच्या कितीतरी आधीपासून आहे. मान, डोळे, मनगट आणि झोप यांच्यासाठी मात्र असा कडू लेप अद्याप निघालेला नसल्यामुळे, अंगठेबहाद्दरांनी टीव्हीखालचा खण उघडून ते पत्रक एकदा वाचावे; त्यासाठी दोन्ही अंगठे पाच मिनिटे मोकळे ठेवावे लागतील, एवढीच काय ती अडचण आहे.