ताबेकाका

बोरीवली पश्चिमेला बाभई नाका ते शिंपोलीच्या पट्ट्यात कुठल्याही जुन्या सोसायटीत शिरा, तळमजल्यावर ताबेकाका भेटतीलच. खूण सोपी आहे. दाराबाहेर तुळस, तुळशीला सोबत म्हणून कढीपत्ता, कढीपत्ता उन्हाने करपू नये म्हणून पत्रा आणि पत्रा चोरीला जाऊ नये म्हणून ग्रिल. ग्रिलच्या आत झोपाळा, झोपाळ्यावर काका.

काका बँकेतून निवृत्त झालेले. रोज पहाटे पूल ओलांडून राष्ट्रीय उद्यानात फिरायला जातात आणि तिथल्या अतिक्रमणांबद्दल मनापासून हळहळतात. "जंगल खाल्लं हो लोकांनी!" घरी परतल्यावर एक कुंडी वीतभर पुढे सरकवतात.

१९६३चा मुदतीचा कायदा त्यांना रामरक्षेसारखा पाठ. दुसऱ्याच्या जागेवर विनापरवानगी बसायचं, म्हणजे 'प्रतिकूल ताबा' घ्यायचा, आणि मूळ मालक बारा वर्षं गप्प बसला की त्याचा दावा बुडाला. जमीन सरकारी असेल तर तीस वर्षं. असा ताबेदार नुसता बचाव करू शकतो असं नाही, स्वतः वादी होऊनही हक्क मागू शकतो, असा निकाल २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला, तेव्हा काकांनी जिनाभर पेढे वाटले. २००८ साली त्याच न्यायालयाने प्रतिकूल ताब्याचा हा कायदा तर्काला धरून नाही असं सुनावलं होतं, ते कात्रण मात्र काकांच्या फाइलीत नाही.

ताबा उघड हवा, अखंड हवा आणि मालकाच्या विरोधात हवा, अशा कायद्याच्या अटी. उघडपणासाठी काका दर श्रावणात ग्रिलमध्ये सत्यनारायण घालतात, चेअरमनना सपत्नीक बोलावतात आणि प्रसाद घेताना त्यांचा तारखेसकट फोटो काढून ठेवतात. अखंडपणासाठी ते गणपतीतसुद्धा गावी जात नाहीत, मुलाला पाठवतात.

घोडं अडतं ते तिसऱ्या अटीपाशी. विरोध करायचा कुणाला? बिल्डरने कन्व्हेयन्स करून दिलेलंच नाही. प्रॉपर्टी कार्डावर अजून जुन्या जमीनमालकाचं नाव, आणि सोसायटी स्वतःच मानीव अभिहस्तांतरणासाठी उपनिबंधकांकडे खेटे घालतेय. "मालक सापडू दे, लगेच विरोध करतो," अशी काकांची तयारी आहे.

त्यात काकू पडल्या सरळमार्गी. दर कुंडीला त्या सेक्रेटरींना विचारून आल्या, "भाऊ, हरकत नाही ना?" सेक्रेटरीही म्हणाले, "ठेवा की वहिनी." इथेच सगळं मुसळ केरात! परवानगीने घेतलेला ताबा कितीही वर्षं चालला तरी प्रतिकूल ठरत नाही. भाडेकरूला आणि राखणदाराला हा हक्क सांगता येत नाही तो त्यामुळेच. वर वार्षिक सभेच्या इतिवृत्तात ठराव आहे: 'तुळशीसाठी तात्पुरती जागा वापरू द्यावी.' अनुमोदक, खुद्द ताबेकाका. सभेत अनुमोदन द्यायची बँकेतली सवय!

तेव्हा मंडळी, तुमच्याकडे असे काका असतील तर भांडू नका, कुंड्या फोडू नका. बारा वर्षं भरायच्या आत त्यांना सोसायटीच्या लेटरहेडवर सप्रेम परवानगी देऊन टाका. पोच म्हणून त्यांची सही घ्यायला तेवढं विसरू नका.