चाकांवरचं वीज मंडळ

अ‍ॅरिझोनातलं क्वार्ट्झसाइट हे जेमतेम अडीच हजार वस्तीचं गाव. पण जानेवारीत इंटरस्टेट १० वरून जाताना दोन्ही अंगांच्या वाळवंटात नजर पोचेल तिथवर गाड्याच गाड्या दिसतात. आत पलंग, ओटा, न्हाणीघर, टीव्ही असा सगळा संसार मांडलेल्या या गाड्यांना अमेरिकेत आरव्ही म्हणतात. उत्तरेची थंडी चुकवायला निवृत्त मंडळी त्या घेऊन इथं उतरतात. ‘ला पोसा’च्या सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल मुक्काम ठोकायची फी कित्येक वर्षं १८० डॉलर होती. त्यात जागा मिळते, ऊन मिळतं, शेजार मिळतो. वीज मात्र मिळत नाही.

आपल्या नायकाचा जन्म नेमका या कमतरतेतून होतो.

वय पासष्टच्या पुढं, डोक्याला टोपी, गुडघ्यापर्यंतची खिसेवाली चड्डी आणि कमरेला मल्टिमीटर. नोकरीत असताना त्यानं विमा विकलेला असतो, शाळेत इतिहास शिकवलेला असतो किंवा लोकांचे दात काढलेले असतात. विजेशी त्याचा संबंध बिल भरण्यापुरता. जो खरोखर आयुष्यभर इलेक्ट्रिशियन होता, तो पलीकडच्या गाडीच्या सावलीत निवांत पेपर वाचत असतो. त्याची वीज कधी येते, कुठून येते, कुणाला पत्ताही लागत नाही. त्यामुळं त्याच्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आपला नायक मात्र नव्या शेजाऱ्याला नावाआधी विचारतो, “थर्टी की फिफ्टी?” म्हणजे गाडीची जोडणी तीस अ‍ॅम्पची की पन्नासची. शेजारी भोळेपणानं म्हणतो, “थर्टी. वीसच कमी आहेत, चालतं आम्हाला.” नायक याच उत्तराची वाट बघत असतो. तीस अ‍ॅम्पच्या जोडणीत १२० व्होल्टची एकच फेज, म्हणजे ३,६०० वॅट. पन्नासच्या प्लगला चार पाय, आत १२० व्होल्टच्या दोन ओळी, म्हणजे एकूण १२,००० वॅट. फरक विसाचा नाही, तिपटीहून जास्त आहे! हे समजावून होईपर्यंत शेजाऱ्याची कॉफी थंड होते आणि ती पुन्हा गरम करायला मायक्रोवेव्ह लावण्याची आता त्याला भीती वाटू लागते.

महाराष्ट्रात २००५ साली वीज मंडळाची विभागणी होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण झाल्या. आपल्या नायकानं या तिन्ही कंपन्या तीस फुटांच्या गाडीत पुन्हा एकत्र आणल्या आहेत. निर्मिती विभाग बाहेर वाळूत धडधडतो, पारेषण पिवळ्या केबलमधून चालतं, वितरण पलंगाखालच्या खणात बसतं. ग्राहक एकच: बायको. तक्रार निवारण केंद्रावर बसलेला माणूसही हाच, आणि तो सहसा जागेवर सापडत नाही, कारण तो गाडीखाली आडवा असतो.

त्याची पहिली इयत्ता बहुधा धुरात पार पडते. बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर आहे, जनरेटरही आहे; मग दोघांचीही तोंडं गाडीच्या एकाच वायरिंगला जोडली तर ताकद दुप्पट होईल, असा त्याचा हिशेब. पण दोन्हीकडची वीज सेकंदाला साठ वेळा हेलकावते, आणि दोघांचे हेलकावे जुळवायला मध्ये कुणी नसतं. एक वर जात असताना दुसरी खाली येते आणि इन्व्हर्टर जनरेटरच्या तोंडी सापडतो. क्षणार्धात आठशे डॉलरचा डबा जळकट वास सोडून शांत होतो. त्यानंतर नायकाला ट्रान्सफर स्विच नावाची वस्तू भेटते. एका वेळी एकच वीज आत घ्यायची, दुसरीला दाराबाहेर ठेवायचं, एवढंच तिचं काम. पण ती बसवल्यावर तो तिच्याबद्दल असं बोलतो, जणू तिचा शोध यानंच लावला.

दुसरी इयत्ता अधिक गमतीची. गाडीची मुख्य केबल तो सरळ आपल्याच इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये खुपसतो. सगळे दिवे, सगळे प्लग चालू! पण गाडीतला बॅटरी चार्जरही त्याच केबलवर असतो. म्हणजे बॅटरी इन्व्हर्टरला वीज देते, इन्व्हर्टर चार्जरला देतो आणि चार्जर तीच बॅटरीला परत करतो. प्रत्येक हस्तांतरात थोडी उष्णता होऊन उडून जाते. रात्री हिटरचा पंखा चालवायलाही बॅटरीत काही उरत नाही आणि वाळवंटातली पहाट बायकोला दोन रजयांत काढावी लागते. चार्जरचा ब्रेकर आधी पाडायचा असतो, हे त्याला दुसऱ्या दिवशी तीन वेगवेगळे शेजारी येऊन सांगतात. तिघंही त्यातून गेलेले असतात. तसं कुणी कबूल करत नाही.

मग येतो अर्थिंगचा अध्याय. आरव्हीच्या पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले नसतात. ती जोडणी विजेच्या उगमाशी, एकाच ठिकाणी असायची असते. छोट्या पोर्टेबल जनरेटरमध्ये ती बहुतेकदा नसतेच. त्यामुळं गाडीच्या रक्षणासाठी बसवलेलं महागडं यंत्र “अर्थ नाही” असा शेरा मारून वीज आत घ्यायचंच नाकारतं. उपाय काय, तर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात आतून एक तार टाकलेला साधा प्लग, जनरेटरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये खोचायचा. शेकडो डॉलरचं यंत्र गप्प होतं, कामाला लागतं. हा चिमुकला प्लग नायक चष्म्याच्या डबीत जपून ठेवतो आणि हरवला की सारं ‘ला पोसा’ शोधायला लावतो.

या सगळ्याला कंटाळून, किंवा खरं तर याहून गुंतागुंतीचं काहीतरी हवं म्हणून, तो अखेर इन्व्हर्टर-चार्जर घेतो. या एकाच डब्यात स्विचही असतो, चार्जरही असतो. जनरेटर सुरू झाला की डबा त्याची वीज गाडीत सोडतो आणि उरलेल्या ताकदीवर बॅटरी भरतो. होंडाच्या लाल जनरेटरवर २२०० छापलेलं असलं, तरी सतत मिळतात ते १,८०० वॅट, म्हणजे १५ अ‍ॅम्प. मोठा चार्जर एकटाच त्यातले बहुतेक खातो. म्हणून जनरेटरकडून किती वीज ओढायची याची डब्यातली मर्यादा तेरा अ‍ॅम्पच्या आसपास ठेवायची असते. ती ठेवायला नायक विसरला, तर कॉफीचं यंत्र सुरू होताच बाहेरची धडधड क्षणभर घुसमटते आणि जनरेटरवर लाल दिवा लागतो.

“कॉफी लावली का?” गाडीखालून आवाज येतो.

“लावली होती,” बायको म्हणते.

विजेचा प्रवासही ऐकण्याजोगा. या जनरेटरच्या पोटातसुद्धा एक इन्व्हर्टर असतो. तिथं एसी तयार होते, तिची डीसी होते, पुन्हा एसी होते. केबलमधून चार्जरपाशी येऊन डीसी होते आणि बॅटरीत मुरते. संध्याकाळी इन्व्हर्टरमधून एसी होऊन निघते. आणि लॅपटॉपच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये तिची शेवटची डीसी होते. एवढे वेश बदलून पोचलेल्या त्या विजेवर नायक काय बघतो? दुसऱ्या कुणाच्या तरी आरव्हीच्या वायरिंगचा व्हिडिओ.

योसेमिटीच्या जंगलात मात्र त्याची पंचाईत होते. तिथल्या कॅम्पग्राउंडवर जनरेटर सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७ एवढाच चालवता येतो. भारनियमनाची वेळापत्रकं दाराला चिकटवून दिवस काढलेल्या माणसाला हा तक्ता चटकन समजतो. बे एरियातल्या मुलाकडं आलेले आणि भाड्याच्या आरव्हीतून योसेमिटी बघायला निघालेले नाशिकचे बाबा इथं अजिबात गडबडत नाहीत. त्यांचा प्रश्न वेगळाच असतो. छताचे दिवे लागतात, मग प्लगमध्ये वीज का नाही? दिवे बारा व्होल्टच्या बॅटरीवर आहेत, भाड्याच्या पुष्कळ गाड्यांत इन्व्हर्टर नसतो, असं मुलगा सांगतो. “इन्व्हर्टर नाही? एवढ्या मोठ्या गाडीत?” बाबा आईकडं बघतात. “आपल्या टू-बीएचकेत वीस वर्षं आहे.” आणि तेवढ्यात शेजारच्या गाडीचा मल्टिमीटरवाला हे सगळं ऐकून, एक शब्द न कळताही, मदतीला उठून उभा असतो.

वर्षातून एकदा बायको हट्टानं त्याला खांबावर वीज, नळाला पाणी असलेल्या पार्कात नेते. नायक केबल जोडण्याआधी मीटर लावतो: ११८ व्होल्ट. न्यूट्रल ठीक, अर्थ ठीक. त्याचा चेहरा पडतो. तो खुर्ची टाकून बसतो, पुन्हा उठतो, खांबाभोवती फेरी मारतो. दुपारी चारला पार्कातले एसी एकामागून एक सुरू होतात. ११२. १०९. १०६. त्याचं रक्षक यंत्र १०४ च्या खाली वीज तोडतं.

“बाहेर ये!” तो ओरडतो. “लवकर! आणि येताना तो एसी चालू करून ये!”