डोळ्यांत तेल, हातात सुतळी

वोकिंग, सरे
१९ एप्रिल

ती. आप्पा आणि आईस,


पत्र बघून घाबरू नका, सगळे खुशाल आहोत. पत्र एवढ्यासाठी की फोनवर मी 'आप्पा, आमच्या वेलीचं असं झालं' म्हटलं की पुढचं न ऐकताच तुम्ही औषध सांगता. परवा मी तुमच्या नातवाच्या खोकल्याचं सांगत होते आणि तुम्ही गंधक मारायला सांगितलंत. द्राक्षाच्या भुरीवर चालत असेल, खोकल्यावर नाही. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहिते.

तिकडची द्राक्षबागेची खरड छाटणी उरकली असेल आणि पुढच्या महिन्यात तुम्ही दोघं इकडे येताय. त्याआधी एक गोष्ट कबूल करायची आहे. घराच्या कुंपणालगतच्या वाफ्यात गेल्या वर्षी जे झालं, ते तुम्हाला मी सांगितलेलं नाही. 'बाग छान आहे' एवढंच म्हणत होते. बाग छान नव्हती. बागेवर तुमचे जावई सुटले होते.

आधी वाफा कसा आहे ते सांगते. याला इथे 'मिक्स्ड बॉर्डर' म्हणतात. कुंपणाला लागून चाळीस फूट लांबीचा पट्टा. मागे कुंपणावर वेली, मध्ये गुलाब आणि झुडपं, त्यांच्यात उंच फुलझाडं, पुढे बुटकी. उंच फुलझाडं हळदीसारखी, हिवाळ्यात जमिनीत गडप होतात आणि मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा नाक वर काढतात. आपल्या परसात कर्दळ, अळू, गवती चहा आणि जाईचा मांडव एकत्र नांदतो तसंच हे. फक्त आपल्याकडे ते आपोआप होतं आणि इथे त्यासाठी पुस्तकं लिहितात. आधीच्या मालकीणबाईंनी वीस वर्षं जपलेला वाफा आमच्या हाती दिला. जावईबापूंचा बागकामाचा अनुभव तेव्हा पुण्यातल्या गॅलरीतल्या एका तुळशीपुरता, आणि तिलाही पाणी माझ्या सासूबाई घालत.

दोन वर्षांपूर्वी ईस्टरच्या सुट्टीत आम्ही निफाडला तुमच्याकडे होतो, तेव्हा तुमची खरड छाटणी चालू होती. भरगच्च बाग बघता बघता बोडकी झाली आणि तुम्ही यांच्या हातात कात्री देऊन म्हणालात, "मारा जावईबापू, एका डोळ्यावर. दया दाखवायची नाही." आप्पा, तुम्ही बोलून मोकळे झालात. यांनी ते वाक्य मनावर घेतलं.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत एका रविवारी मी नातवाला पोहायला घेऊन गेले होते. परत आले तर कुंपण दिसत होतं. या घरात आल्यापासून मी कुंपण पाहिलंच नव्हतं, कारण त्यावर क्लेमॅटिस मोंटानाची वेल होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आता जमिनीपासून फूटभर खुंट आणि शेजारी कात्री घेऊन घामाघूम जावईबापू. "दया दाखवली नाही," म्हणाले. शेजारच्या ऐंशीच्या आजी कुंपणावरून डोकावल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही काम अगदी पूर्ण केलंत." इथल्या माणसांची शिवी अशी असते; घरी जाऊन विचार केल्यावर लागते.

क्लेमॅटिस म्हणजे कोणी परकी नव्हे हो. पावसाळा सरला की घाटातल्या झुडपांवर पांढरी चादर घालणारी आपली रानजाई, मोरवेल म्हणतात ती, त्याच कुळातली. द्राक्षवेल तणाव्यांनी धरते, ही पानाच्या देठानेच धरते. देठ तारेला टेकला की दोन दिवसांत एक वेढा घालतो, बाळ बोट धरतं तसा. म्हणून तिला जाड खांब दिला तर तिच्या मुठीत मावत नाही; बारीक तार, काटकी किंवा शेजारच्या झुडपाची फांदी लागते.

छाटणीसाठी मात्र इथले लोक तिचे तीन गट करतात. वसंतात फुलणारी पहिल्या गटात, ती फुलं गेल्यावर हलकेच आवरायची. मे-जूनमध्ये मोठाली फुलं देणारी दुसऱ्या गटात. फेब्रुवारी-मार्चमध्ये वरून खाली बघत यायचं, पहिली टपोरी डोळ्यांची जोडी दिसली की तिथे थांबायचं. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात फुलणारी तिसऱ्या गटात, तिला फेब्रुवारी-मार्चमध्ये खुशाल फूटभर ठेवून खरडायचं. मोंटाना पहिल्या गटातली. ती मे महिन्याची फुलं आदल्या उन्हाळ्यात पिकलेल्या काडीवर धरून बसलेली असते. म्हणजे जावईबापूंनी काय केलं, तर ऐन फळासाठीच्या ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर, काडी पिकून तयार असताना, बागेची खरड छाटणी केली. तुमच्या भाषेत सांगितलं म्हणून आता तुम्हाला घाम फुटला असेल. पाणी प्या आणि पुढे वाचा.

मे महिन्यात गल्लीतली सगळी कुंपणं गुलाबी झाली. आमचं तपकिरी.

झालं ते झालं म्हणून यांनी अभ्यास सुरू केला. अभ्यास म्हणजे एक्सेल. त्यात एक नवा शब्द मिळाला, 'चेल्सी चॉप'. लंडनमधल्या चेल्सीला मेअखेरीस मोठं पुष्पप्रदर्शन भरतं, १९१३ पासून त्याच जागी. त्याच सुमारास काही उंच झाडांचे शेंडे तिसरा हिस्सा ते निम्म्यापर्यंत कापतात. झाड बुटकं, फुटवेदार होतं, काही आठवडे उशिरा फुलतं आणि काठी लावावी लागत नाही. आई, तू शेवंतीचा शेंडा खुडतेस तेच हे. तू त्याला प्रदर्शनाचं नाव दिलं नाहीस, म्हणून तुझं नाव झालं नाही. पण हे चालतं ते सेडम, फ्लॉक्स, शेवंतीच्या भाऊबंदांना. जावईबापूंनी सोसायटीचा माळी मेंदीचं कुंपण कापतो तसा सगळा वाफा एका उंचीत आणला. त्यात पिओनीच्या फुगलेल्या कळ्याही गेल्या. पिओनी वर्षातून एकदाच फुलते. डेल्फिनियम तेवढं वाचलं, कारण ते यांच्यापेक्षा उंच होतं आणि उंच माणसांना हे मान देतात.

डेल्फिनियम तुम्ही पाहिलेलं नाही. सहा फुटांचे निळे तुरे, दिंडीतल्या पताकांसारखे. दांडा पपईच्या देठासारखा पोकळ, वर फुलांचा भार, त्यात पावसाचं पाणी. जूनमध्ये हवामान खात्याने वाऱ्याचा इशारा दिला तशी संध्याकाळी आमची धावपळ. यांनी एक भक्कम बांबू ठोकला आणि सहाही दांडे त्याला एकाच जागी आवळून बांधले, गावात चोर सापडल्यावर बांधतात तसे. बांधायला वाकले आणि बांबूचं टोक थेट डोळ्यावर. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. चष्म्याची काच नाही वाचली. रात्री वारा आला. सकाळी सहाही तुरे सुतळीच्या बरोबर वर मोडून लोंबत होते. बांबू जागचा हलला नव्हता.

आजी सुतळीकडे बघत म्हणाल्या, "आधार चांगला होता. फक्त झाडाला उशिरा कळला."

ते वाक्य मला रात्रभर झोपू देईना, कारण ते तुमचंच होतं. तुम्ही वेल लावायच्या आधी मांडव उभा करायचात. आई विचारायची, अजून रोप वीतभर नाही आणि एवढा लोखंडी पसारा कशाला? तुम्ही म्हणायचात, वेलीला गरज लागेल तेव्हा वेळ नसतो. मी हे ऐकत मोठी झाले आणि इथे येऊन बांबू कधी ठोकला, तर इशारा आल्यावर.

म्हणून यंदा सगळी सूत्रं माझ्याकडे घेतली. मोडलेली झाडं तळाशी कापली तर सप्टेंबरात लहानसे तुरे पुन्हा आले, तेवढ्याने हुरूप आला होता. हिवाळ्यात हेझलच्या डहाळ्यांचे दोन भारे विकत आणले. आई, हो, आम्ही काटक्यांना पैसे दिले. हेझलचं झाड इथे मुळाशी तोडतात, ते पुन्हा फुटतं, काही वर्षांनी पुन्हा तोडतात. त्या डहाळ्यांना पंख्यासारखे फाटे असतात. रोप वीतभर असतानाच भोवती पाच-सहा डहाळ्या रोवायच्या, शेंडे आत वाकवून एकमेकांत विणायचे. पालथ्या टोपलीसारखं दिसतं. झाड त्यातून वर येतं, पानं पसरतात आणि मेअखेरीस टोपली दिसेनाशी होते. डेल्फिनियमला मात्र दर दांड्याला वेगळी बारीक काठी, फूटभर उंचीचं असतानाच. बांधायचं आठाच्या आकड्यात, एक वेढा काठीला, एक दांड्याला, म्हणजे वाऱ्यात डुलतं पण घासत नाही. जसजसं वाढेल तसतशी वर नवी गाठ. सुतळी इथे हिरवी रंगवून, गोल गुंडा करून विकतात. जगातला बहुतेक ताग बंगालच्या मातीत पिकतो, त्याची सुतळी इथे इंग्रजी फुलं सांभाळते आहे, आणि दर असा की आई त्यात गव्हाचं पोतं आणील, सुतळीने शिवलेलं.

डोळ्यांसाठी दर काठीच्या टोकावर टोपी हवी. आम्ही बुचं बसवली. एकूण बत्तीस काठ्या, बत्तीस बुचं. आप्पा, ती वाइनच्या बाटल्यांची आहेत. त्यांतली सहा आमची, बाकी आजींची. तुम्ही मोजाल हे माहीत आहे, म्हणून आधीच सांगितलं.

डोळ्यांवरून आणखी एक. भिंतीवरच्या गुलाबासाठी तार ताणायची होती. दुकानातला मुलगा म्हणाला, 'व्हाइन आय' घेऊन जा. द्राक्षाचा डोळा! माझं काळीज हललं. म्हटलं, कलमाच्या काड्या विकतात की काय? त्याने हातावर पाकीट ठेवलं. आत भोकं असलेले लोखंडी स्क्रू, तार ओवायला. तुमचा जन्म डोळे मोजण्यात गेला आणि इथे ते दहाच्या पाकिटात, गंजरोधक.

पण त्या गुलाबाने माझी लाज राखली. तो सरळ वर चढून फक्त शेंड्याला फुलायचा, आमच्यासाठी देठ आणि वरच्या मजल्यासाठी फुलं. मी त्याच्या लांब फांद्या तारेवर आडव्या बांधल्या, तुमच्या द्राक्षवेलीच्या ओलांड्यासारख्या. उभ्या फांदीत जोर सगळा शेंड्याकडे धावतो. आडवी केली की बाजूचा डोळान् डोळा जागा होतो. आजींची विस्टेरियाची वेलही मीच छाटते, वर्षातून दोनदा: जुलै-ऑगस्टमध्ये लांब सुटलेल्या फांद्या पाच-सहा पानांवर, जानेवारी-फेब्रुवारीत त्याच दोन-तीन डोळ्यांवर. आजींनी विचारलं, कुठे शिकलीस? मी म्हटलं, निफाड. त्यांनी ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे, कॉलेजचं नाव समजून.

तुम्ही आल्यावर विस्लीला जाऊ, जवळच आहे. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची ती बाग १९०३ पासून त्यांच्याकडे आहे. इथल्याच सरे परगण्यात गर्ट्रूड जेकिल नावाच्या बाई होऊन गेल्या. डेल्फिनियमचा बहर सरला की त्याच्या वाळक्या दांड्यांवर त्या पांढऱ्या फुलांचा वाटाण्याच्या जातीचा वेल चढवायच्या, तो सरला की त्यावर जांभळी क्लेमॅटिस जॅकमनी ओढून घ्यायच्या. म्हणजे एकाचं म्हातारपण दुसऱ्याचा मांडव. ही जॅकमनी तर आमच्या वोकिंगचीच लेक, १८६०च्या सुमारास इथल्या जॅकमन यांच्या रोपवाटिकेत निपजलेली. ती तिसऱ्या गटातली. तिची खरड छाटणी मी यंदा जावईबापूंकडूनच करवून घेतली. त्यांचाही जीव आहे.

आता एक विनंती. येताना बेदाणे आणा, मेतकूट आणा, पण तुमची कात्री आणू नका. मोंटाना गेला उन्हाळाभर वाढली, कुंपण पुन्हा झाकलं, आणि काल मी बघितलं तर दर पेराला मुगाएवढ्या कळ्या आहेत. तुम्ही याल तेव्हा फुललेली असेल. तुमचा हात शिवशिवेल. हे रोज सकाळी चहा घेऊन तिच्यासमोर उभे राहतात, मोकळा हात पाठीमागे, देवळात उभे राहतात तसे. आमची कात्री मी लपवून ठेवली आहे. कुठे ते लिहीत नाही, कारण हे पत्र टपालात टाकायला तेच जाणार आहेत.

नातवाचा दोघांना नमस्कार. खोकला गंधकाशिवाय बरा झाला.

तुमची लेक

ता. क. (वेगळ्या अक्षरात) आप्पांना सा. न. कात्री पिठाच्या डब्यात सापडली. हात लावलेला नाही. येताना तुमची आणा.