समाधानाचा पगार

समुपदेशनाच्या क्षेत्रात नवख्याला सर्वांत आधी मिळते ते समाधान. पगाराचे नंतर बघू. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितले. मागणी वाढली, हे खरेच. पण मागणीबरोबर मोल वाढण्याचा नियम इथे चालत नाही, कारण बऱ्याच ठिकाणी नेमणूक होते ती तपासणीच्या फायलीसाठी. मग मानसशास्त्रात एम.ए. झालेल्या उमेदवाराला मानधनावर घ्यायचे, स्टाफरूमचा कोपरा द्यायचा आणि गोपनीयतेची जबाबदारी पडद्यावर सोपवायची. शिक्षक रजेवर असला की बदली तासही त्यानेच घ्यायचा; तेवढाच सर्वांगीण विकास.

यावर म्हणतात, नवख्याने आधी शिकावे. जरूर शिकावे, पण शिकवणारा हवा ना! अनुभवी पर्यवेक्षकापुढे आपल्या केसेस मांडणे हा या व्यवसायातल्या वाढीचा कणा, आणि त्याची फी पुष्कळदा नवखाच खिशातून भरतो. म्हणजे शाळेने दिलेले मानधन शाळेचेच काम नीट करण्यात संपते. दुसरा आक्षेप सेवाभावाचा: कुणाचे दुःख ऐकण्याचे पैसे कसले घ्यायचे? मुलांना त्या दुःखापर्यंत पोहोचवणाऱ्या कोचिंग क्लासला हा प्रश्न कुणी विचारत नाही; तिथे फी आगाऊ भरायची असते.